सतरावी ओळ

सासूबाईंना लागणार नाही असं अक्षर अजून कुणी काढलेलं नाही, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मुंगी शाईत पडून कागदावरून चालत गेली तरी ती काय म्हणाली ते आई सांगेल, असं नवरा लग्नाआधी म्हणाला होता, आणि नंतरच्या सात वर्षांत सुनेला ते कधी खोटं ठरलेलं दिसलं नव्हतं. म्हणून तर शुक्रवारी दुपारी लेकीला, चिमणीला, झोपवून ती कामाला बसली आणि एकशे बेचाळीसाव्या पानावरची सतरावी ओळ समोर आली, तेव्हा तिला आधी वाटलं की चूक आपलीच आहे. तिने पान बंद केलं. पाणी पिऊन आली. पुन्हा उघडलं. ओळ होती तिथेच होती, धुतल्या काचेसारखी स्वच्छ.

आज रविवार. दुपारचे दीड वाजले होते आणि चार वाजता सर यायचे होते.

त्या घरातलं जेवणाचं टेबल वीस वर्षं जेवणापेक्षा वह्यांच्याच कामी आलेलं. यहुदी घराण्यांची मुळं शोधणाऱ्या लोकांसाठी जुन्या नोंदी उतरवून काढणारा स्वयंसेवकांचा एक गट होता. जन्माच्या नोंदी, लग्नाच्या, दफनाच्या, बोटीत चढलेल्यांच्या, अनाथाश्रमात ठेवलेल्यांच्या. जगात कुठेतरी कुणीतरी पणजोबाचं नाव शोधत असतं, त्याला ते मिळावं म्हणून दुसरंच कुणीतरी डोळे फोडून घेतं. पानाचा फोटो पडद्यावर यायचा आणि एकेक ओळ टाइप करायची. नियम मोजून दोन. दिसतं ते लिहायचं, माहीत आहे ते नाही. आणि एकच पान दोघांनी उतरवायचं, एकमेकांना न विचारता. दोन्ही उतारे जुळले की पान पुढे जायचं, पुन्हा कुणी त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. नाही जुळले तर पंचाकडे. आणि काही केल्या अक्षर लागलंच नाही, तर त्या जागी शेरा मारायचा : वाचता येत नाही.

हा शेरा सासूबाईंच्या हातून वर्षाकाठी एखादा निघे, आणि त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागत नसे.

मुलींच्या अनाथाश्रमाची ही वही त्यांच्याच देखरेखीखाली होती. आज तिच्यावर त्यांची शेवटची सही व्हायची, मग वही कायमची बंद. त्याआधी, रीतीप्रमाणे, 'वाचता येत नाही' असलेल्या सगळ्या ओळी पाच पंचांत वाटून दिल्या होत्या, एकदा शेवटचं बघून घ्या म्हणून. सून आठ महिन्यांपूर्वी पंच झाली होती. तिच्या वाट्याला एक्केचाळीस ओळी आल्या. चाळीस खरोखरच गेलेल्या होत्या. ओल, कसर, सांडलेली शाई. आणि ही एक.

'मुलगी, वय चार. आई तापाने वारली. बाप छापखान्यात खिळे जुळवणारा, डावी करंगळी अर्धी. सोबत एक लाकडी पेटी, दोन झगे, एक कोट. सहा महिन्यांत परत नेतो असे बाप म्हणाला. मुलगी रडली नाही.' पुढे मुलीचं नाव, बापाचं नाव. शेवटच्या रकान्यात वेगळ्या शाईने, दोन वर्षांनंतरची तारीख : 'एका शिंप्याच्या कुटुंबाने नेली.'

बापाचं ते नाव ह्या घराच्या दारावर अजून होतं. सासूबाईंचे वडील, नाना. जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, एक पेर कागद कापायच्या यंत्राला दिलं, दोन्ही मुलींना उलटी अक्षरं वाचायला शिकवली, आणि शेवटी थोरलीच्या ह्याच घरात शहाण्णव वर्षांचे होऊन गेले. त्याला सहा वर्षं झाली. सून नवी असताना त्यांची नखं तीच कापायची. नऊ नखं. दहाव्या बोटाला नखच नव्हतं.

पान पहिल्यांदा उतरवलं गेलं होतं नऊ वर्षांपूर्वी. पहिला उतारा सासूबाईंचा होता आणि दुसरा त्यांच्या धाकट्या बहिणीचा, मावशींचा. दोघींनीही सतराव्या ओळीवर तोच शेरा मारला होता. उतारे जुळले. पान पुढे गेलं.

*

"तू कुणाला काही बोललीस का?" नवऱ्याने विचारलं. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून तो कपबश्या पुसत होता. एकच बशी तो तिसऱ्यांदा पुसत होता.

"तुलाच. आत्ता."

"मग राहू दे ना."

"राहू दे म्हणजे काय?"

"म्हणजे जसं आहे तसं. आईने काही विचार केला असेल. नाना तेव्हा आतल्या खोलीत होते, त्र्याण्णव वर्षांचे. त्यांच्या पुढ्यात नेऊन टाकायचं होतं का हे? झाकली मूठ सव्वा लाखाची गं. आज सर येणार, आईला मानपत्र देणार, वीस वर्षांचं काम. आजच तुला पंचगिरी आठवली?"

सुनेने स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पाहिलं. चिमणी बैठकीच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. बाल्कनीच्या दाराची वरची कडी लावलेली होती. ती कडी सुनेने सकाळपासून चारदा पाहिली होती. चिमणीला चौथं संपायला दोन महिने होते, आणि शुक्रवारपासून सुनेच्या डोक्यातून एक गोष्ट हलत नव्हती : एवढ्याशा मुलीचा कोट केवढा असेल?

"दरवर्षी एक पत्र येतं गटाकडे," ती म्हणाली. "एका बाईंचं. ऐंशीच्या आहेत आता. चार वर्षांची असताना मला आश्रमात ठेवलं, मग शिंप्याने नेलं, नाव बदललं, बापाचं नाव मला आठवत नाही. हात धरला की त्याचं एक बोट लहान लागायचं, एवढंच आठवतं. कुणाला काही सापडलं तर कळवा. गट दरवर्षी उत्तर देतो, आमच्या यादीत अशी नोंद नाही. यादीत कशी असेल? ओळच वाचता येत नाही ना."

नवऱ्याने बशी खाली ठेवली. "किती वर्षं येतंय?"

"अकरा."

"आणि आईला हे पत्र..."

"पत्रं सगळी आधी आईंकडेच जातात."

त्याने फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "तरी पण. त्या बाईला आता ह्या वयात कळून काय होणार? की बापाने टाकलं आणि इकडे दुसरा संसार थाटला?"

"टाकलं हे तिला माहीतच आहे रे. टाकणारा कोण, ते माहीत नाही."

"मग तू शुक्रवारीच का नाही भरलीस ओळ? पंच आहेस ना? एक बटण दाबायचं होतं."

तेच तर तिला खात होतं. शुक्रवारी दाबलं नाही, शनिवारी दाबलं नाही. सासूबाईंनी चिमणीची वेणी घातली, पोरीचा ताप उतरला का म्हणून आपल्या गालाला तिचा गाल लावून पाहिला, आणि सून मूग गिळून बघत राहिली. दोघींनी नऊ वर्षं झाकलं, तिने दोन दिवस.

"त्यांना विचारल्याशिवाय कसं दाबू?" ती म्हणाली. "मला हे काम शिकवलं कुणी?"

*

मावशी दोन वाजता आल्या, हातात फुलं घेऊन. त्यांनी लग्न केलं नव्हतं, दोन गल्ल्या पलीकडे राहत, आणि थोरल्या बहिणीच्या घरात आपल्या घरापेक्षा मोठ्याने बोलत. "ताई, हे काय नेसलीस? मानपत्र घ्यायचंय की भांडी घासायचीत? आणि सरांना त्या मोडक्या खुर्चीवर बसवू नकोस, गेल्या खेपेला पडता पडता वाचला बिचारा."

सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर. सुनेने पानाचा छापलेला कागद आणून दोघींच्या मध्ये ठेवला.

"माझा चष्मा नाही गं," मावशी लगेच म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

सासूबाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "छापून कशाला आणलंस? पडद्यावर दिसत होतं की."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, ही ओळ माझ्याकडे आली ते?"

"काल कळलं. मी वेणी घालताना तू माझ्याकडे बघत होतीस त्यावरून." त्यांनी कागदाची कड सरळ केली. "पाचजणांत वाटल्या होत्या ओळी. मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. बाकी चौघांनी नानांना बघितलेलं नाही. आली असती तशी उतरवली असती कुणीतरी, आणि मी..."

"आणि तुम्ही काय, आई?"

"मी सही केली असती. मुकाट्याने. बाहेर तर पडलं असतं, पण माझ्या हाताने नाही." त्या किंचित हसल्या, आणि ते हसू सुनेला बघवलं नाही. "म्हातारपणी माणूस किती भित्रं होतं बघ."

"ताई!" मावशींनी चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला. "आपलं ठरलं होतं. दोघींचं ठरलं होतं. ह्याच खुर्च्या होत्या, नाना आत रेडिओ ऐकत होते. तू म्हणालीस, हे बघ. मी म्हणाले, अगं बाई. मग तूच म्हणालीस, हे ह्या वयात त्यांच्या समोर नको. खरं की नाही?"

"खरं."

"मग आता पोरीच्या पुढ्यात अशी काय बसलीस, चोर सापडल्यासारखी?"

"सापडलोय म्हणून."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. "आई, तुला काही करायची गरज नाहीये. ती ओळ तशीच राहिली तर कुणाचं काही..."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या, आवाज न चढवता. "हिला मी शिकवलं, दिसतं ते लिहायचं. आता तू तिला शिकवू नकोस की सासूला बरं वाटेल ते लिहायचं."

नवऱ्याने सुनेकडे पाहिलं. ह्या घरात आईने बायकोची बाजू घेऊन आपल्याला गप्प करायची ही पहिलीच वेळ असावी. तो आत येऊन मोडक्या खुर्चीवर बसला.

सुनेने शेवटी दोन दिवस मनात धरलेलं विचारलं. "नानांना कधी विचारलंत का? मरायच्या आधी?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "तीन वर्षं रोज त्यांचं अंथरूण बदलत होते. रोज वाटायचं, आज विचारीन. आणि रोज वाटायचं, विचारून त्यांना मारायचं का? मी नाही विचारलं. आम्ही कुणीच नाही विचारलं."

मावशींनी फुलांची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटत नव्हती. त्या दातांनी सोडायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"मी विचारलं," त्या म्हणाल्या.

सासूबाईंची मान हळूहळू त्यांच्याकडे वळली.

"जायच्या आधी दोन महिने. तू दवाखान्यातून औषधं आणायला गेली होतीस. मी नुसतं म्हटलं, नाना, आमच्या आधी कुणी होतं का हो? मला वाटलं, ओरडतील. नाहीतर झोपेचं सोंग घेतील, घ्यायचे ना? तर म्हणाले..." मावशींचा नेहमीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "म्हणाले, नेलं का गं तिला कुणी?"

सासूबाईंनी हात टेबलावर टेकवला.

"मी म्हटलं, हो नाना, नेलं. शिंप्याच्या घरी. चांगलं घर होतं. म्हणाले, तू बघितलंस? मी म्हटलं, हो, बघितलं. मग झोपले."

"तू बघितलं नव्हतंस," सासूबाई म्हणाल्या.

"काय सांगणार होते मी? वहीत एवढंच होतं, शिंप्याने नेली. घर चांगलं की वाईट, वहीत लिहितात का?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच संध्याकाळी ओळ उघडली असतीस! तिला बोलावून आणलं असतंस. आणि ती येऊन म्हणाली असती की कसलं चांगलं घर, मला मारायचे तिथे, तर? नानांच्या डोळ्यांसमोर? मी कुठे तोंड लपवलं असतं?"

"ते विचारत होते गं," सासूबाई म्हणाल्या. "मी सहा वर्षं स्वतःची समजूत घालतेय की त्यांच्यासाठी केलं. त्यांची शांती मोडू नये म्हणून केलं. आणि ते विचारत होते. ती पत्रं पाठवत होती. दोघं एकमेकांना विचारत होती, आणि मध्ये आपण दोघी बसलो होतो, ह्या टेबलाशी."

मावशी रडायला लागल्या, मोठ्याने, लहान मुलासारख्या. चिमणी रंगाची कांडी घेऊन दारात आली. "मावशीआजीला काय लागलं?"

सुनेने तिला उचललं. गरजेपेक्षा जास्त घट्ट धरलं, तेव्हा ती वळवळली. "काही नाही लागलं. चल, कोणता रंग राहिलाय दाखव मला."

"सगळेच राहिलेत," चिमणी म्हणाली.

तिला बाल्कनीच्या दारापासून लांब बसवून, पुन्हा एकदा कडीकडे बघून सून परतली, तेव्हा सासूबाईंनी संगणक उघडलेला होता. मावशी नाक पुसत उभ्या होत्या.

"तू आत जा," सासूबाई बहिणीला सांगत होत्या. "माझ्या खोलीत. तिथल्या यंत्रावर उघड तेच पान. दार लावून घे."

"आता दार कशाला लावायचं? दोघींना तोंडपाठ आहे ती ओळ."

"तोंडपाठ आहे म्हणूनच. पाठ आहे ते लिहू नकोस. बघून लिही. एकेक अक्षर. आणि मला काही विचारू नकोस."

मावशी काहीतरी लागट बोलणार होत्या, नेहमीसारख्या. पण थोरल्या बहिणीचा चेहरा बघून वळल्या. दार लागल्याचा आवाज आला.

ज्या बाईची बोटं कीबोर्डवर पावसासारखी पडायची, ती बाई आज एकेक अक्षर असं दाबत होती की जणू प्रत्येकाखाली काहीतरी दुखरं होतं. सून मागे उभी राहून बघत होती. 'अर्धी' हा शब्द लिहून सासूबाई थांबल्या. त्यांनी डावा हात उचलून आपली करंगळी पाहिली, मग पुढे लिहायला लागल्या. 'मुलगी रडली नाही' इथे पुन्हा थांबल्या, बराच वेळ. नवऱ्याने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, धरलाही नाही.

दोन्ही उतारे पंचाकडे आले, म्हणजे सुनेकडे. तिने शेजारी शेजारी लावून पाहिले. काना, मात्रा, रकाना, सगळं जुळत होतं. ह्या वेळी खरोखर एकमेकींना न विचारता जुळत होतं. तिने बटण दाबलं. आवाजसुद्धा झाला नाही.

*

सर बरोबर चारला आले. निवृत्त ग्रंथपाल, आता गटाचे प्रमुख, उंच, पोक काढून चालणारे, एका काखेत मानपत्राची गुंडाळी आणि एका हातात बिस्किटांचा डबा. "बिस्किटं बायकोने केलीत," ते आत येता येता म्हणाले. "ती फुटत नाहीत, हे आधीच सांगतो. चहात बुडवून ठेवा, मी निघेपर्यंत मऊ होतील." एरवी ह्याच्यावर मावशींनी काहीतरी टोला दिला असता. आज कुणी हसलं नाही, तेव्हा ते दारातच थांबले. "काय झालं?"

"सर, ते गुंडाळलेलंच राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि बसा. त्या खुर्चीवर नको, ह्या."

मग त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, एखादी नोंद वाचावी तसं. दोघींनी एका टेबलाशी बसून पान उतरवलं. दोघींनी ठरवून शेरा मारला. अकरातली नऊ पत्रं त्यानंतर आली. सगळी मी वाचली. उत्तरं मीच पाठवली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "बाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला वही दिली होती."

एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं. रागावर काहीतरी बोलता येतं.

"त्या बाईंचा नंबर द्या मला," सासूबाई म्हणाल्या.

"गटातर्फे मी कळवीन. रीत तीच आहे."

"उत्तर मी पाठवत होते ना? मग हेही मीच देणार."

"ताई, पत्र लिही," मावशी म्हणाल्या. "फोनवर तुला बोलता यायचं नाही. पत्रात नीट जुळवून..."

"जुळवून नको."

सरांनी खिशातली वही काढली आणि नंबर सांगितला. सासूबाईंनी फोन टेबलावर ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. सुनेला वाटलं, हे त्या मुद्दामच करतायत, पळायला वाट राहू नये म्हणून. पलीकडे सात वेळा घंटी वाजली.

"कोण?" आवाज खणखणीत होता. "मला काही विकत घ्यायचं नाही हं, आधीच सांगते."

"विकायला नाही केला फोन. मी नोंदी उतरवणाऱ्या गटातून बोलतेय. तुम्ही दरवर्षी पत्र लिहिता." सासूबाईंनी श्वास घेतला. "तुमची नोंद सापडली."

पलीकडे चमचा पडल्याचा आवाज झाला. मग : "थांबा. गॅसवर दूध आहे. मी बंद करून येते. फोन ठेवू नका हं. ठेवू नका."

पावलं लांब गेली. फार हळू गेली आणि फार हळू परत आली. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"हं. वाचा."

सासूबाईंनी वाचलं. सगळं, नावांसकट. पेटी, झगे, कोट. सहा महिने. शेवटचं वाक्य त्यांनी थोडं हळू वाचलं.

"बरोबर आहे," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "रडलीस तर नेणार नाही, असं म्हणाले होते." मग बापाचं नाव त्यांनी दोनदा, स्वतःशीच म्हणून पाहिलं, नवी चप्पल घालून दोन पावलं टाकून बघावीत तसं. "कुठे होती हो ही वही इतकी वर्षं? हरवली होती?"

"नाही. माझ्याकडेच होती."

"मग अक्षर लागत नव्हतं का? मला लिहिलं होतं एकदा तुमच्या लोकांनी, काही ओळी वाचता येत नाहीत म्हणून."

"अक्षर चांगलं होतं. मी नऊ वर्षांपूर्वीच वाचली होती ती ओळ. वाचून झाकून ठेवली." सासूबाईंचे दोन्ही हात टेबलावर पालथे होते. "ते माझे वडील होते. माझे आणि माझ्या बहिणीचे. आम्ही तुमच्या नंतरच्या."

सुनेने डोळे मिटले. आता फोन आपटला जाईल, आता. पण पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"होते म्हणालात."

"हो. सहा वर्षं झाली."

"म्हणजे नऊ वर्षांपूर्वी..."

"होते. ह्याच घरात होते. पलीकडच्या खोलीत."

मावशींनी पदर तोंडात कोंबला होता. सर डब्याच्या झाकणाकडे बघत होते. बैठकीतून चिमणीचं रंगाशी चाललेलं बोलणं येत होतं, लाल कांडीला ती दटावत होती, उभी राहा म्हणून.

"नऊ वर्षांपूर्वी मी एकटी बसने फिरायचे," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "कुठेही सांगितलं असतंत तरी आले असते. आता जिना उतरता येत नाही मला."

"मला माफ करा असं म्हणायलासुद्धा तोंड नाही मला."

"म्हणू नका मग."

सासूबाईंनी फोनकडे बघितलं, ठेवला की काय म्हणून. ठेवलेला नव्हता.

"एक सांगाल?" पलीकडून आलं. आवाजातली खणखण गेली होती. "खरं सांगा पण. तुमच्याशी कसे होते?"

नवरा पुढे वाकला. ओठांनीच, आवाज न करता तो म्हणाला, वाईट. वाईट होते म्हण. आणि सुनेला क्षणभर तेच हवंसं वाटलं. तापट होते म्हणायचं, प्यायचे म्हणायचं, आम्हालाही कधी जवळ घेतलं नाही म्हणायचं. एवढी एक भीक त्या बाईच्या झोळीत घालायला काय जातं? नाना आता थोडेच ऐकायला येणार होते? सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग सुनेकडे. सुनेची मान हलली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही.

"चांगले होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. "फार चांगले होते. शाळा सुटली की फाटकाशी उभे असायचे. छापखान्यातून तसेच यायचे, हाताला शाई असायची. एक दिवस चुकले नाहीत."

"रोज यायचे?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"रोज," सासूबाई म्हणाल्या.